काकवीत मळलेली वाळू

लोखंडाच्या कारखान्यात काकवी लागते हे ऐकून माझ्या नाती हसतात. पण लागते. निदान आमच्या कारखान्यात लागायची. सांगलीच्या बाहेर, मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याला तो ओतकामाचा कारखाना होता. फार मोठा नव्हता. पत्र्याच्या दोन शेड, मध्ये अंगण आणि एका कडेला भट्टी. नांगराचे फाळ, मोटेची चाकं, उसाचे चरक असला शेतीचा माल तिथे व्हायचा. लढाई सुरू झाली आणि मालकाला लष्कराच्या छावण्यांसाठी हातपंप करायचं काम मिळालं. मग फाळ मागे पडले आणि सगळे पंपाच्या मागे लागले.

पंप आतून पोकळ असतो. लोखंडाचा रस ओतून पोकळ वस्तू करायची तर पोकळीच्या जागी आधी काहीतरी ठेवावं लागतं, म्हणजे रस त्याच्याभोवती थिजतो. ते काहीतरी म्हणजे वाळूचा भाजलेला लांबट गोळा. साचे करणारे मोल्डर लोक त्याला कोर म्हणत, आम्ही बायका गाभा म्हणायचो. लोखंड थंड झालं की गाभा सळईने फोडून बाहेर काढायचा. दिवसभर कंबर मोडून आम्ही जे करायचो ते शेवटी फोडून टाकण्यासाठीच असायचं. याचं वाईट वाटायला वेळ नव्हता.

कृष्णेतली वाळू गाडीने यायची. ती चाळायची, काकवी आणि जरासं पाणी घालून कणकेसारखी मळायची, लाकडी पेटीत ठासायची, मध्ये तार घालायची, मग पेटी उघडून गाभा पत्र्यावर आडवा काढायचा आणि आमच्या शेडमधल्या छोट्या भट्टीत भाजायचा. भाजल्यावर काकवी कडक होऊन वाळू धरून ठेवते. नीट झालेला गाभा जुन्या गुळासारखा काळपट दिसायचा आणि खिळ्याने टिचकी मारली की खणकन वाजायचा. काकवी कमी पडली की गाभा फिका राहायचा, वाजायचा नाही आणि नखाने खरवडलं तरी वाळू सुटायची. असला गाभा साच्यात बसवला की लोखंडाचा रस त्याची वाळू धुऊन नेतो आणि पंपाच्या अंगाला बारीक भोकं राहतात. झालेला पंप उभा करून त्यात पाणी भरायचे. पाझरला की बाद. बाद झालेला पंप अंगणात घणाने फोडायचे आणि तुकडे परत मोठ्या भट्टीत टाकायचे.

मी चौथी पास होते. कुंडलजवळच्या एका वाडीतून सतराव्या वर्षी लग्न होऊन इथे आले. नवरा मोल्डर होता. सासू गाभ्याच्या शेडमध्ये कामाला होती, तिनेच मला तिथे बसवलं. त्या शेडमध्ये आम्ही चौघी होतो. मी, सासू, एक म्हातारी काकू आणि शेजारची वैनी. वैनीचा नवराही मोल्डरच होता. पंपाचे साचे करणारे ते दोघेच, माझा नवरा आणि वैनीचा. आमची बिऱ्हाडं एकाच चाळीत भिंतीला भिंत लागून होती. वैनीचा नवरा वयाने मोठा होता आणि त्यानेच माझ्या नवऱ्याला साच्यात हात घालायला शिकवलं होतं.

हातांना सतत काकवी असायची. माशा बसायच्या, मुंग्या चढायच्या, गांधीलमाश्या घोंगावायच्या. संध्याकाळी हात धुतले तरी बोटं एकमेकांना चिकटायची. जेवताना तीच बोटं तोंडात जायची. आपण गोड खातोय असं मात्र कधी वाटलं नाही.

मोल्डर लोकांना नाव लिहायचं ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकाने साच्यात आपली खूण दाबायची अशी पद्धत होती. ती खूण पंपावर उठून दिसायची. माझ्या नवऱ्याची दोन रेघा आणि वैनीच्या नवऱ्याची वाटोळी. पंप बाद झाला की आधी खूण बघायचे. आमच्या गाभ्यावर खूण नव्हती. बायका काय, वाळू मळतात, असं त्या कारखान्यात सगळे समजत. मालक, मिस्त्री, आमचे नवरेसुद्धा. माल बिघडला की दोष मोल्डरचा. साचा ओला ठेवला असेल, रस ओतताना हात हलला असेल. आमच्या शेडमध्ये येऊन डब्यात काय आहे हे कुणी कधी बघितलं नाही. काम सगळं आमच्या हातावर होतं आणि हिशोबात आम्ही नव्हतोच.

लढाईच्या दिवसांत साखर रेशनवर गेली. गूळ सांगलीच्या पेठेत ढिगाने यायचा, पण तो पुढे कुठे जायचा ते कळायचं नाही. आमच्यासारख्यांच्या हाताला खडाभर लागायचा. आणि गुऱ्हाळावरून आलेले काकवीचे डबे तर आमच्या उशाशी उभे होते.

मला मुलगी झाली त्या थंडीत सासूने मला रोज अळिवाची खीर दिली. गोड, दाट. गूळ कुठून आणला हे मी विचारलं नाही. बाळंतिणीला विचारायची गरज नसते, समोर आलं की खायचं. सव्वा महिन्याने मुलीला घेऊन मी शेडमध्ये परत गेले आणि पहिल्याच दिवशी बघितलं. म्हाताऱ्या काकूने घरचा तांब्या काकवीने भरून पदराखाली ठेवला आणि तेवढंच पाणी डब्यात ओतलं. वैनीने एक गडू भरला आणि पाणी ओतलं. मग माझ्या सासूने भरला.

मी म्हटलं, "आत्याबाई, ह्यानं गाभं फुटतील की."

सासू म्हणाली, "महिनाभर खीर खाल्लीस तवा न्हाई फुटलं?"

वैनी हसली. "लय शानी बाळंतीण. आता तान्हीला दूध कशाचं येतंय ते इचार म्हणावं."

खरं तेच होतं. पण गाभे फुटत होते. भट्टीतून निघालेले निम्मे फिके होते, हात लावला की वाळू सांडायची. अंगणातून घणाचा आवाज येत होता. मी बाळंत व्हायच्या आधी तो आठवड्यातून दोनदा-चारदा यायचा. आता रोज यायचा.

त्याच आठवड्यात मिस्त्रीने दोघा मोल्डरांना उभं करून सांगितलं. लोखंड मिळत नाही, कोळसा मिळत नाही, लष्कराचा माणूस येऊन पंप तपासतो. महिनाअखेर ज्याचा माल जास्त बाद होईल त्याला रजा. एकच मोल्डर ठेवणार.

नवरा घरी येऊन हे सांगत होता तेव्हा भाकरी हातातच ठेवून बसला होता. त्याचे पंप जास्त बाद होत होते. थोडेच जास्त, पण जास्त.

"साचा तर मी सुकवून घेतोय," तो म्हणाला. "हात बी हलत न्हाई. कशानं व्हतंय तेच कळंना."

सासू चुलीपुढून म्हणाली, "व्हतंय कवा कवा."

"कवा कवा न्हाई आई. रोज व्हतंय. काम गेलं तर गावाकडं काय हाय आपलं? थोरल्याच्या जिवावर किती दिस खानार? भरतीच व्हावं लागंल."

आमच्या भागात काम नसलेल्या तरण्या माणसाला एकच वाट होती, पलटण. सासूच्या माहेरची सात-आठ माणसं लढाईवर गेली होती. दोघं मेल्याची तार आली होती. तिचा धाकटा भाऊ त्यातलाच एक. तिने चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली तेव्हा तिच्याजवळ तांब्या नव्हता. तिने स्वतःहून सोडलं. मला बरं वाटलं. पण एका डब्यातून तिघी घेत होत्या, त्यातली एक थांबली म्हणून काय होणार? मी जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. सरळ सांगितलं की आपल्या पाण्यामुळे पंप बाद होतायत, दोघांतला एक घरी बसणार आहे, महिनाभर काकवीला हात लावू नका.

म्हातारी काकू म्हणाली, "मला ना दादला ना ल्योक. माझं कोन घरी बसनार?"

वैनी म्हणाली, "आगं, ह्या सगळ्या वाळवंटात दोन गडू काकवीनं काय व्हतंय? आमचं हे म्हंत्यात साच्याचं काम हाताचं असतंय. तुझ्या दादल्याचा हात अजून कच्चा हाय. शिकंल."

"आवं वैनी, तुमच्या बी ह्यांचा माल बाद होतोय की."

"व्हतोय. तुमच्यापक्षा कमीच व्हतोय."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तिला तसंच वाटत होतं. तिला दोन मुली होत्या, दोघींना देवी येऊन गेल्या होत्या आणि त्या अंग धरत नव्हत्या. त्यांना ती काकवीत भाकरी चुरून घालायची. मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचे. तिने थांबावं असं तिला कशाच्या जोरावर सांगायचं?

मिस्त्रीला सांगावं असं एकदा मनात आलं. सांगितलं असतं तर चौघींना त्याच दिवशी हाकललं असतं आणि चोर म्हणून सांगलीत कुठे उभं केलं नसतं. त्या चौघींत माझी सासू, मी स्वतः. आणि मिस्त्रीने तरीही दोन्ही मोल्डरांना कामावर ठेवलं असतं याची खात्री काय? नवऱ्याला सांगावं तर आईने केलं म्हणून सांगायचं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

भाजलेले गाभे पाटीत भरून मोल्डरांच्या शेडमध्ये नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांत तरुण, म्हणून ओझं माझ्याकडे. दोन पाट्या असायच्या, एक नवऱ्यासाठी, एक वैनीच्या नवऱ्यासाठी. आतापर्यंत हाताला येतील तसे भरायचे.

एका सकाळी मी खिळा घेऊन गाभ्यांजवळ बसले. टिचकी मारली, वाजला, तो एका पाटीत. टिचकी मारली, वाजला नाही, तो दुसऱ्या पाटीत. हे करताना काही फार विचार केला असं नाही. आधी मी मनाला सांगितलं की नुसतं बघू, किती बरे आहेत, किती वाईट. बघून झालं तेव्हा पाट्या भरलेल्या होत्या. मी दोन्ही उचलल्या आणि नेल्या. काळ्या गाभ्यांची पाटी नवऱ्यापुढे ठेवली. फिक्यांची वैनीच्या नवऱ्यापुढे.

वैनीचा नवरा मान वर न करता म्हणाला, "ठेव बाय. तान्ही काय करतीया?"

"झोपलीया," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परत तेच केलं. मग रोज केलं. मुलगी झोळीत झोपलेली असायची, टिचक्यांच्या आवाजाने उठायची नाही. वैनी एकदा म्हणाली, "काय गं, तबला वाजवतीस व्हय?" मी म्हटलं, "तडा गेलेलं बाजूला काढतीया." ती म्हणाली, "बरं करतीस." सासू लांबून बघत होती. तिला लगेच कळलं असणार. ती बाई वीस वर्षं गाभे करत होती. तिने तोंड फिरवलं आणि वाळू चाळायला लागली.

नवऱ्याला कळायला चार दिवस लागले. पाटी खाली ठेवताना त्याने एक गाभा उचलून बोटाने वाजवला. मग दुसरा, मग तिसरा.

"आज समदं वाजत्यात," तो म्हणाला.

त्याने पलीकडे बघितलं. वैनीचा नवरा गुडघ्यावर बसून साच्यात आपली वाटोळी खूण दाबत होता, त्याच्या शेजारची पाटी फिक्या गाभ्यांनी भरलेली होती. नवऱ्याने हातातला गाभा हळू साच्यात बसवला आणि वरून वाळू ओढली. यावर आम्ही दोघं त्या दिवशी बोललो नाही आणि पुढेही कधी नाही. त्याच्यासोबत मी चाळीस वर्षं काढली.

अंगणात घणाचा आवाज येतच होता. फक्त आता पंपावरची खूण वेगळी असायची. वैनीच्या नवऱ्याने साच्याची वाळू बदलून बघितली. साचे उन्हात जास्त वेळ ठेवले. एक दिवस उपास धरला. माझा नवरा जाऊन त्याला मदत करायचा, साचा तपासायचा, म्हणायचा, "आवं दादा, काय चुकतंय असं दिसत न्हाई." हे बोलताना त्याची नजर कुठे असायची ते मी बघायला गेले नाही.

महिना संपला. मिस्त्रीने वैनीच्या नवऱ्याला काढलं. त्याने भांडण केलं नाही. पंधरा वर्षं त्याने तिथे साचे केले होते. जाताना तो स्वतःच म्हणाला की डोळे अधू झाले असतील.

ते चौघं साताऱ्याला निघाले. तिकडे एका कारखान्यात ओळखीचा माणूस होता म्हणे. सामान गाडीत चढवलं तेव्हा मी मदतीला गेले. गेले नसते तर दिसलं असतं. वैनीने माझ्या मुलीच्या गालाला हात लावला. तिचा हात तसाच चिकट होता.

ती म्हणाली, "म्या म्हंत व्हते ना, शिकंल म्हणून. तुझ्या दादल्याचा हात बसला बघ."

"व्हय," मी म्हटलं.

"आमच्या ह्यांचा सुटला. वय झालं की सुटतोय."

गाडी गेली. साताऱ्याला काम मिळालं नाही असं पुढे कानावर आलं, आणि तो भरती झाला असंही. परत आला की नाही मला माहीत नाही. साताऱ्याहून येणारी-जाणारी माणसं कारखान्यात होती. मी विचारलं नाही.

वैनी गेली तरी शेडमध्ये तिच्या जागी आलेल्या बाईला म्हाताऱ्या काकूने आठ दिवसांत तांब्या भरायला शिकवला. आता मोल्डर एकच होता, माझा नवरा. पाटी एकच. बरे-वाईट सगळे गाभे त्याच्याच पुढे जाणार. मग दोनच दिवसांत दोन रेघांचे तीन पंप बाद झाले आणि मिस्त्री शेडच्या दारात येऊन नवऱ्याकडे बघून गेला.

त्या दिवशी मी बसून विचार केला. या खेपेला नीट केला. कारखान्याच्या मागच्या बाजूला गाड्यांच्या आसांना घालायला एरंडेल तेलाचा पिंप होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेले, शेरभर एरंडेल आणलं आणि काकवीच्या डब्यात ओतून दांडक्याने ढवळलं. कुणाला सांगितलं नाही. सासूलाही नाही.

नव्या बाईने आणि काकूने तांबे भरून नेले. दुसऱ्या दिवशी काकू आलीच नाही. नवी बाई आली ती दर घटकेला शेडमागच्या शेताकडे पळत होती.

काकू तिसऱ्या दिवशी काठी टेकत आली. डब्याचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"कुनी घातलं ह्येच्यात?"

"म्या घातलं," मी म्हटलं. "रोज घालनार हाय."

"मेले असते की गं."

"न्हाई मरत. पोट साफ झालं."

सासू हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. काकूने मला दोन शिव्या दिल्या आणि वाळू मळायला बसली. त्यानंतर काकवीला कुणी हात लावला नाही. गाभेही पहिल्यापेक्षा बरे व्हायला लागले. तेलाने वाळू आणखी घट्ट धरते, हे आम्हाला तेव्हाच कळलं. मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी सांगितलं की मुंग्या येऊ नयेत म्हणून घालते. त्याला ते पटलं. पुढे त्याने ते सगळ्यांना आपलंच डोकं म्हणून सांगितलं. मला त्याचं काही नव्हतं.

लढाई संपली, पंपांचं काम थांबलं, परत नांगर आणि चरक आले. नवरा मिस्त्री झाला. मी गाभे करत राहिले ते गुडघे धरेपर्यंत. आता लोक म्हणतात, तुम्ही बायकांनी केवढा कारखाना उभा केला. ऐकून घेते.

एरंडेलाचा तो पिंप वैनी होती तेव्हाही तिथेच होता. पाटी घेऊन जाताना मी रोज त्याच्या बाजूने जात होते.